घरगुती जलधारा कर्तनयंत्र

घरगुती जलधारा कर्तनयंत्र म्हणजे प्रेशर वॉशर या नावाने बाजारात मिळणाऱ्या, वाहने व अंगण धुण्याच्या पंपाचा उपयोग करून हौशी कारागिराने किंवा विद्यार्थ्यांनी स्वतः जुळविलेले, पाण्याच्या वेगवान धारेने पदार्थ कापणारे यंत्र होय. अशा यंत्रात धारेत कठीण खनिजाचे बारीक कण मिसळतात. संगणकाच्या आज्ञेनुसार फिरणारी चौकट ती धार पत्र्यावर, काचेवर किंवा फरशीवर ठरलेल्या रेषेने नेते. कारखान्यातील जलधारा यंत्रात ४००० बार किंवा त्याहून अधिक दाब वापरतात, तर घरगुती यंत्रात तो बहुधा १०० ते २०० बार असतो. इतक्या कमी दाबानेही काच, फरशी व पातळ धातू कापता येतात, मात्र वेग अतिशय कमी असतो. दाब कमी असला तरी धार मानवी त्वचा सहज भेदते. म्हणून या यंत्राची रचना समजून घेताना त्याचे धोकेही समजून घेणे आवश्यक आहे.

तत्त्व

दाबाखालील पाणी बारीक छिद्रातून बाहेर पडते तेव्हा दाबाच्या रूपातील ऊर्जेचे गतिज ऊर्जेत रूपांतर होते. धारेचा वेग काढण्याचे सूत्र सोपे आहे : दाबाची दुप्पट करून तिला पाण्याच्या घनतेने भागावे आणि येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ घ्यावे. १०० बार दाबाला हा वेग सेकंदाला सुमारे १४० मीटर येतो, १५० बारला सुमारे १७० मीटर आणि ४००० बारला सुमारे ८९० मीटर. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. म्हणजे औद्योगिक यंत्रातील धार ध्वनीच्या अडीचपटींहून अधिक वेगाने जाते, तर घरगुती यंत्रातील धार त्याच्या निम्म्या वेगाच्या आसपास असते.

नुसत्या पाण्याची धार फोम, रबर, कागद, पुठ्ठा, भाजीपाला यांसारखे मऊ पदार्थ कापते. धातू, दगड व काच कापण्यासाठी धारेत अपघर्षक कण, म्हणजे घासून झिजविणारे कठीण कण, मिसळावे लागतात. अशा धारेत प्रत्यक्ष कापण्याचे काम कण करतात. पाणी त्या कणांना वेग देणारे वाहन असते. प्रत्येक कण पदार्थाचा अतिसूक्ष्म कपचा काढतो आणि असे असंख्य आघात मिळून खाच तयार होते.

निसर्गातही हीच क्रिया घडते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यात निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रात काळ्या बेसाल्ट खडकात खोल रांजणखळगे पडलेले आहेत. पाण्याच्या भोवऱ्यात फिरणाऱ्या दगडगोट्यांनी आणि वाळूने खडक घासून ते कोरले गेले. जुन्या विहिरीच्या काठावरील दगडाला दोराने पडलेली खोबणही घर्षणाने होणाऱ्या झिजेचेच उदाहरण होय. कर्तनयंत्रात ही क्रिया वेग वाढवून एका रेषेवर एकवटलेली असते.

कणाची गतिज ऊर्जा त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते आणि धारेच्या वेगाचा वर्ग दाबाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे दाब जितक्या पटीने कमी, साधारण तितक्याच पटीने प्रत्येक कणाची ऊर्जा कमी, असा हिशेब मांडता येतो. शिवाय प्रत्येक पदार्थासाठी एक उंबरठा असतो. त्याखालील ऊर्जेचे कण पृष्ठभाग केवळ खरवडतात आणि कापण्याची क्रिया जवळजवळ थांबते. घरगुती यंत्र या उंबरठ्याच्या फारसे वर नसते. म्हणून दाब थोडा घटला, कण ओले होऊन अडकले किंवा नळी झिजली तरी काप अर्धवट राहतो.

इतिहास

पाण्याच्या धारेचा मोठ्या प्रमाणावर वापर प्रथम खाणकामात झाला. १८५० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात सोन्याच्या शोधासाठी डोंगरउतारांवर पाण्याच्या प्रचंड धारा सोडून माती व रेती खाली आणण्याची पद्धत रूढ झाली. या गाळाने नद्या उथळ झाल्या आणि खालच्या खोऱ्यातील शेतीचे अतोनात नुकसान झाले. १८८४ मध्ये न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांच्या निकालाने असा गाळ नद्यांत सोडण्यास मनाई करण्यात आली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कागद कापण्यासाठी जलधारेचा उपयोग करून पाहण्यात आला. १९५० च्या दशकात वनविद्येतील अभियंता नॉर्मन फ्रांझ यांनी अतिउच्च दाबाच्या धारेने लाकूड कापण्याचे प्रयोग केले. तो दाब सतत टिकवून धरणारे पंप त्या काळी नव्हते, त्यामुळे त्यांना हे तंत्र व्यवहारात आणता आले नाही. तरीही जलधारा कर्तनाच्या इतिहासात त्यांचे नाव अग्रस्थानी घेतले जाते. १९७० च्या दशकात पुठ्ठ्यासारखे मऊ पदार्थ कापणारी व्यापारी यंत्रे आली. १९७९ पासून फ्लो इंडस्ट्रीज या अमेरिकी कंपनीत मोहम्मद हशिश यांनी धारेत अपघर्षक मिसळण्याच्या पद्धतीवर काम केले. त्यामुळे पोलाद, काच आणि काँक्रीट कापणे शक्य झाले.

१९८० च्या दशकात ब्रिटनमधील बीएचआरए या संस्थेत दुसरी पद्धत विकसित झाली. तिच्यात अपघर्षक कण पाण्यात आधीच कालवून तो राडा दाबाखाली छिद्रातून बाहेर सोडतात. या पद्धतीत कणांना पाण्याचा वेग अधिक चांगला मिळतो, म्हणून कमी दाबातही ती परिणामकारक ठरते. मात्र कण छिद्रातूनच जात असल्यामुळे छिद्र लवकर झिजते.

स्वस्त प्रेशर वॉशर, लहान स्टेपर मोटारी आणि मुक्त संगणकप्रणाली सर्वत्र उपलब्ध झाल्यानंतर हौशी कारागीर या यंत्राकडे वळले. अमेरिकेतील अभियंता बेन क्रॅस्नो यांनी ‘अप्लाइड सायन्स’ या आपल्या चित्रफीत-मालिकेत साध्या प्रेशर वॉशरवर चालणारे कर्तनयंत्र दाखविले. २०१६ मध्ये वेझर या अमेरिकी कंपनीने लहान कार्यशाळेत मावणाऱ्या जलधारा यंत्रासाठी किकस्टार्टर या लोकनिधीच्या व्यासपीठावरून भांडवल उभारले. कमी दाबाचे यंत्रही उपयोगी ठरू शकते, याकडे या प्रयत्नांनी लक्ष वेधले.

औद्योगिक आणि घरगुती यंत्रांची तुलना

पुढील आकडे एका नमुना औद्योगिक यंत्रासाठी आणि एका नमुना घरगुती यंत्रासाठी सूत्राने काढलेले असून ते स्थूलमानाचे आहेत. छिद्रातून जाणारा प्रवाह काढताना ०.७ हा गुणांक धरला आहे.

| बाब | औद्योगिक | घरगुती |
|---|---|---|
| दाब | ४००० बार | १५० बार |
| छिद्राचा व्यास | ०.३५ मिमी | ०.५ मिमी |
| धारेचा वेग (सेकंदाला) | ८९० मीटर | १७० मीटर |
| पाणी (मिनिटाला) | ३.६ लिटर | १.४ लिटर |
| धारेतील शक्ती | २४ किलोवॅट | ०.३५ किलोवॅट |
| धारेची प्रतिक्रिया | ५४ न्यूटन | ४ न्यूटन |

दोन्ही धारांच्या शक्तीत सुमारे सत्तरपट अंतर आहे. औद्योगिक यंत्राला जे काम एका मिनिटात जमते त्याला घरगुती यंत्रावर तासाहून अधिक वेळ लागावा, असा अंदाज यावरून बांधता येतो. कोष्टकातील शेवटची ओळ मात्र हौशी कारागिराला अनुकूल आहे. धारेची प्रतिक्रिया अवघी ४ न्यूटन, म्हणजे चारशे ग्रॅम वजनाच्या भाराइतकी असते. लोखंड कोरणाऱ्या मिलिंग यंत्राला जशी जड, ताठ चौकट लागते तशी येथे लागत नाही.

औद्योगिक यंत्रात ४००० बार दाब निर्माण करण्यासाठी बहुधा दाबवर्धक वापरतात. त्यात सुमारे २०० बार दाबाचे तेल मोठ्या दट्ट्याला ढकलते आणि त्याला जोडलेला लहान दट्ट्या पाण्याला ढकलतो. दोन्ही दट्ट्यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर २० असल्यास दाब वीसपट होतो. हे तत्त्व शालेय पुस्तकातील पास्कलच्या नियमाचेच असले तरी असा दाबवर्धक घरी बनविणे अत्यंत धोक्याचे आहे. ४००० बार दाबाला पाण्याचे आकारमान सुमारे एक अष्टमांशाने घटते. त्यामुळे दाबलेल्या स्प्रिंगप्रमाणे त्यात ऊर्जा साठून राहते. शिवाय दाब लक्षावधी वेळा चढून उतरल्याने साध्या पोलादाची नळी थकते आणि पूर्वसूचना न देता फुटते. अशा नळ्या खास प्रक्रियेने बनविलेल्या असतात. म्हणून तयार प्रेशर वॉशरचा ठरलेला दाब ही घरगुती यंत्राची मर्यादा मानली जाते.

रचना

पंप. प्रेशर वॉशरमध्ये बहुधा तीन दट्ट्यांचा पंप असतो. लहान नमुन्यांत ब्रश असलेली वेगवान मोटार असते. ती सतत तासन्‌तास चालविण्यासाठी बनविलेली नसते, त्यामुळे तापते. कर्तनाचे काम लांबलचक असल्यामुळे इंडक्शन मोटारीचा, संथ गतीचा पंप अधिक योग्य ठरतो. पंपाकडे येणारे पाणी गाळणीतून यावे आणि कधीही कमी पडू नये. ते कमी पडल्यास पंपात बुडबुडे तयार होऊन फुटतात व आतील भाग खरवडतात.

भारमुक्ती झडप. पंप मिनिटाला ६ लिटर पाणी देत असेल आणि ०.५ मिलिमीटरच्या छिद्रातून १.४ लिटरच जात असेल, तर उरलेले पाणी परत वळविणारी झडप आवश्यक असते. कामगार तिला अनलोडर म्हणतात. परत वळणारे पाणी पंपातच फिरत राहिले तर ते तापून सील खराब करते. म्हणून ते मोठ्या टाकीत सोडणे हितावह असते. या झडपेशिवाय दाब ओलांडला गेल्यास पाणी सोडून देणारी स्वतंत्र सुरक्षा झडप आणि दाबमापकही बसवावा.

नळ्या आणि जोड. पंपापासून शीर्षापर्यंतची प्रत्येक नळी व प्रत्येक जोड पंपाच्या कमाल दाबाहून अधिक दाबासाठी प्रमाणित असावा लागतो. घरातील नळजोडणीचे पीव्हीसी किंवा जीआय पाइप या कामासाठी नसतात. ते येथे कदापि वापरू नयेत.

कर्तनशीर्ष. हा यंत्राचा सर्वांत नाजूक भाग होय. त्यात तीन अवयव एका रेषेत असतात : छिद्राचा खडा, मिश्रणकक्ष आणि मिश्रणनळी. औद्योगिक यंत्रात छिद्राचा खडा कृत्रिम नीलम, माणिक किंवा हिऱ्याचा असतो. कमी दाबाच्या यंत्रासाठी कठीण पोलादाची तोटीही काही काळ चालते. छिद्रातून सुटलेली धार मिश्रणकक्षातून जाताना तेथे हवेचा दाब कमी होतो आणि बाजूच्या नळीतून कोरडे कण आत ओढले जातात. पुढे मिश्रणनळीत पाणी कणांना वेग देते. ही नळी टंगस्टन कार्बाइडची असावी. पितळ किंवा साधे पोलाद अल्पावधीतच झिजते. तिचा आतील व्यास छिद्राच्या व्यासाच्या सुमारे तिप्पट आणि सर्वांत मोठ्या कणाच्याही किमान तिप्पट ठेवण्याचा प्रघात आहे. तो याहून लहान असल्यास कण अडकतात आणि फार मोठा असल्यास धार पसरते.

छिद्र आणि नळी एकाच अक्षावर नसतील तर धार नळीच्या एका बाजूला आपटते, कणांचा वेग घटतो आणि नळी एकीकडूनच झिजते. तपासणीसाठी कण न सोडता कमी दाबाने धार चालवितात आणि ती सुरक्षित अंतरावरून पाहतात. ती काचेच्या कांडीसारखी सरळ, न फाटता बाहेर पडली तर जुळणी योग्य समजावी.

अपघर्षक. जगभर या कामासाठी मुख्यतः गार्नेट हे खनिज वापरतात. त्याची कठीणता मोस मापश्रेणीवर ६.५ ते ७.५ आणि घनता पाण्याच्या सुमारे चौपट असते. नवरत्नांतील गोमेद, म्हणजे हेसोनाइट, हा याच खनिजकुळातला आहे. भारतात तमिळनाडू, आंध्र प्रदेश आणि ओडिशा येथील किनाऱ्यावरील वाळूत गार्नेट आढळते. ओडिशातील छत्रपूर येथे आयआरईएल ही केंद्र सरकारची कंपनी ते वेगळे काढते. सर्वसाधारण कामासाठी ८० मेश आकाराचे, म्हणजे सुमारे ०.१८ मिलिमीटरचे कण वापरतात. अधिक कण म्हणजे अधिक वेगवान काप, असे मात्र नाही. धारेचा संवेग पाणी आणि कण यांत वाटला जातो, त्यामुळे मर्यादेपलीकडे कण वाढविल्यास सगळ्यांचाच वेग घटतो.

टाकी. वस्तू कापून झाल्यावरही धारेत बरीच ऊर्जा उरते. ती जिरविण्यासाठी वस्तूखाली पाण्याने भरलेली टाकी ठेवतात. वस्तू ज्या पट्ट्यांवर टेकलेली असते त्या पट्ट्याही धारेने कापल्या जातात, म्हणून त्या बदलता येतील अशा असाव्यात. टाकीचा तळ धारेपासून पुरेसा खोल नसल्यास त्यालाही भोक पडते.

चालक यंत्रणा. चौकटीचे दोन अक्ष स्टेपर मोटारींनी चालतात. त्यांच्या नियंत्रणासाठी आर्डुइनो फलकावर चालणारी ‘जीआरबीएल’ ही मुक्त संगणकप्रणाली हौशी लोकांत प्रचलित आहे. खरी अडचण संगणकाची नसून चिखलाची असते. गार्नेटचे कण तुषारांबरोबर सर्वत्र उडतात आणि बेअरिंग व स्क्रू काही दिवसांत निकामी करतात. म्हणून चालक भाग टाकीपासून दूर, उंचावर आणि रबरी भात्यांच्या आवरणात ठेवावे लागतात.

चालविण्याची पद्धत

१. वस्तू पट्ट्यांवर घट्ट आवळून बसवावी. पातळ पत्रा धारेने थरथरला तरी काप बिघडतो.

२. शीर्ष आणि वस्तू यांतील अंतर सुमारे १.५ ते ३ मिलिमीटर ठेवावे. अंतर वाढल्यास धार पसरते व खाच रुंद होते.

३. खाचेची रुंदी साधारण मिश्रणनळीच्या आतील व्यासाइतकी किंवा किंचित अधिक असते. १.५ मिलिमीटरची नळी असल्यास आराखड्यातील रेषेपासून सुमारे ०.७५ मिलिमीटर बाहेरून मार्ग आखावा, अन्यथा तयार भाग लहान पडतो.

४. झाकण बंद करून प्रथम पाणी सुरू करावे. धार स्थिर झाल्यावर कणांचा पुरवठा सुरू करावा.

५. थांबविताना उलट क्रम पाळावा. आधी कण बंद करावेत, नळी धुऊन निघू द्यावी आणि मग पाणी बंद करावे.

६. पंप बंद केल्यावर साठलेला दाब सोडून द्यावा आणि दाबमापक शून्यावर आल्याची खात्री करूनच झाकण उघडावे.

चौथ्या व पाचव्या पायरीचा क्रम चुकल्यास पाणी कणांच्या नळीत मागे शिरते. ओले गार्नेट ओल्या सिमेंटप्रमाणे नळीत घट्ट बसते आणि शीर्ष उघडून साफ करावे लागते. कणांचा पुरवठा मध्येच थांबला तर काप अर्धवट राहतो आणि त्याच रेषेवरून पुन्हा जावे लागते. म्हणून कणांची नळी पारदर्शक ठेवतात. त्यातून कण वाहताना दिसले पाहिजेत.

कापता येणारे पदार्थ आणि कापाचा दर्जा

फोम, रबर आणि पातळ प्लास्टिक नुसत्या पाण्यानेही कापले जाते. कणांसह काच, चिनी मातीची फरशी, ॲल्युमिनियमचा पत्रा, तांबे, पितळ आणि सावकाश गतीने पातळ पोलाद कापता येते. चमकदार धातू लेझरचा प्रकाश परावर्तित करतात. जलधारेला त्यांची अडचण होत नाही. या पद्धतीत उष्णता जवळजवळ निर्माण होत नसल्यामुळे धातूचा पाण उतरत नाही आणि कडा वितळत किंवा वाकत नाहीत.

काच कापताना विशेष काळजी घ्यावी लागते. काचेच्या मध्यभागी एकदम धार सोडल्यास ती तडकते. म्हणून धार काचेच्या बाहेर सुरू करून, कण वाहू लागल्यावर कडेने आत नेतात आणि काचेखाली सपाट आधार ठेवतात. कडक केलेली सुरक्षा काच कोणत्याही यंत्राने कापता येत नाही. तिच्यातील अंतर्गत ताणामुळे तिचा पूर्ण चुरा होतो.

धार वस्तूत खोल जाताना तिची शक्ती कमी होते, त्यामुळे तिचे खालचे टोक वरच्यापेक्षा मागे रेंगाळते. गती जास्त ठेवल्यास कापाच्या खालच्या भागात तिरप्या रेघोट्या उमटतात आणि खाच वर रुंद, खाली अरुंद होते. या रेघोट्या दिसू लागल्या की गती कमी करावी. कोपऱ्यावर गती आणखी कमी ठेवल्यास मागे राहिलेले टोक सरळ होण्यास वेळ मिळतो आणि कोपरा नीट येतो.

धोके आणि सुरक्षितता

धारेने होणारी इजा. सुमारे ७ बार इतक्या दाबाची बारीक धारही त्वचा भेदू शकते. घरगुती यंत्राचा दाब त्याच्या वीसपटींच्या घरात असतो. अशा इजेचे फसवे लक्षण म्हणजे जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, रक्त फारसे येत नाही आणि आरंभी वेदनाही कमी असतात. प्रत्यक्षात पाणी, कण आणि जंतू स्नायूंच्या व कंडरांच्या आवरणांतून दूरवर पसरलेले असतात. काही तासांत सूज वाढून रक्तपुरवठा थांबू शकतो आणि बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून जखम कितीही लहान दिसली तरी मलमपट्टी करून वाट पाहू नये. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ जावे. ‘सुई टोचली’ असे न सांगता ‘उच्च दाबाच्या पाण्याची धार शिरली’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. दाब किती होता आणि पाण्यात काय मिसळले होते, हेही सांगावे. कारखान्यांतील काही कामगार याच कारणासाठी ही माहिती छापलेले ओळखपत्र जवळ बाळगतात.

झाकण. शीर्षाभोवती बंद पेटी असावी आणि तिचे झाकण उघडताच पंप बंद करणारा स्विच बसवावा. चालू यंत्रात नळी गळते का हे हाताने चाचपून कधीही पाहू नये. गळतीची धार डोळ्यांना दिसतही नाही. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून ती शोधता येते, पण दाब सोडून मग तपासणे सर्वांत सुरक्षित.

वीज. पाणी आणि वीज एकत्र असल्यामुळे यंत्राला योग्य अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी असणे अनिवार्य मानावे. नियंत्रण फलक पाण्यापासून दूर, बंद डब्यात ठेवावा.

डोळे आणि कान. चष्मा आणि कानांवरील संरक्षक पूर्ण वेळ वापरावेत. पंपाचा व धारेचा आवाज तासन्‌तास ऐकल्यास श्रवणशक्तीची कायमची हानी होते.

वाळू. गार्नेट महाग पडते म्हणून बांधकामाची वाळू चाळून वापरण्याचा मोह होतो. क्वार्ट्झयुक्त वाळूच्या अतिसूक्ष्म धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग होतो. मध्य प्रदेशातील मंदसौर येथे पाटीवरच्या पेन्सिली बनविणाऱ्या कामगारांमध्ये या रोगाने अनेक बळी घेतले. ओल्या कामात धूळ उडत नाही हे खरे, परंतु आघातांनी कण फुटून अधिक बारीक होतात आणि सांडलेला गाळ वाळला की झाडताना तीच धूळ हवेत जाते. फरशी किंवा ग्रॅनाइट कापतानाही असाच गाळ तयार होतो. म्हणून अपघर्षक म्हणून वाळू वापरू नये आणि कोणताही गाळ ओला असतानाच उचलावा.

पाणी आणि गाळ

मिनिटाला १.४ लिटर म्हणजे तासाला सुमारे ८४ लिटर पाणी धारेतून जाते. तेच पाणी पुन्हा पंपात वापरावयाचे तर त्यातील बारीक कण पूर्णपणे गाळावे लागतात. थोडे कण राहिले तरी पंपाचे सील आणि छिद्राचा खडा खराब होतो. म्हणून बहुतेक हौशी कारागीर टाकीतील पाणी निवळू देऊन ते साफसफाईसाठी वापरतात.

मिनिटाला २०० ग्रॅम गार्नेट वापरल्यास तासाला १२ किलोग्रॅम गाळ जमतो. तो जड असल्यामुळे सांडपाण्याच्या नळीत सोडल्यास तळाशी बसून ती बुजवितो. एका जागी सोडलेला गाळ दुसऱ्याच्या दारी जाऊन साचतो, हा कॅलिफोर्नियातील खाणींचा अनुभव लहान प्रमाणात येथेही लागू पडतो. दोन-तीन बादल्यांतून पाणी क्रमाने निवळू देणे, गाळ गोणीत भरणे आणि कापलेल्या पदार्थात शिसे किंवा इतर विषारी धातू असल्यास तो गाळ वेगळा ठेवणे, ही पद्धत सोयीची आहे. वापरलेले गार्नेट धुऊन व चाळून काही प्रमाणात पुन्हा वापरता येते, परंतु त्याच्या धारदार कडा बोथट झाल्यामुळे कापण्याची क्षमता घटते.

उपयुक्तता

पत्रा कापण्याचे मोजके काम असल्यास ते व्यावसायिक जलधारा कार्यशाळेतून करून घेणे बहुधा स्वस्त आणि निश्चितच सुरक्षित ठरते. घरगुती यंत्र उत्पादनासाठी नसून अभ्यासासाठी आणि एखाद-दुसऱ्या नमुन्यासाठी उपयोगी आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला द्रवगतिकी, झीज, पदार्थांची कठीणता, मोटारींचे नियंत्रण आणि सुरक्षिततेची रचना हे सर्व विषय एकाच प्रकल्पात हाताळता येतात. असा प्रकल्प शिक्षकांच्या किंवा अनुभवी तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली करावा आणि पहिल्या आराखड्यातच झाकण, सुरक्षा झडप व गाळाची व्यवस्था यांचा समावेश असावा. हे भाग नंतर जोडावयाचे ठरविल्यास ते बहुधा राहूनच जातात.

हेही पाहा

पास्कलचा नियम
बर्नुलीचे तत्त्व
गार्नेट
रांजणखळगे
सिलिकोसिस
संगणकीय संख्यात्मक नियंत्रण